गव्हाणे सरांचा समुद्र

आमच्या वसमतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाच्या दाराशी एक लहानसा फळा होता. त्यावर गव्हाणे सर रोज पहिल्या तासाआधी रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहीत. रत्नागिरी आमच्यापासून इतकी लांब की संध्याकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी कसाबसा पोचतो. इथे उन्हाळ्यात आसना नदीत म्हैस बसवायची तरी जागा शोधावी लागते. पण सरांचा नेम चुकला नाही. ओहोटीची वेळ झाली की शिकवता शिकवता ते खडू खाली ठेवत आणि म्हणत, "आत्ता तिथं खडक उघडे पडले असतील, खेकडे फिरून राहिले असतील, आन् आपण इथं बेडकाचं चित्र काढून राहिलो." मग खरोखरचा सुस्कारा टाकून पुन्हा बेडकाकडे वळत.

सर ठेंगणे, पोट सुटलेले, आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी भिंग. बाजाराच्या दिवशी ते मासळीच्या रांगेत उकिडवे बसून रोहूचं एखादं खवलं उपटत, भिंगाखाली धरत आणि त्यावरची वर्तुळं मोजून माशाचं वय जाहीर करत. मासे विकणाऱ्या रुक्मिणबाईला याचा फार ताप होता. ती म्हणायची, "सर, घ्यायचा असला तर घ्या. वय काहून इचारताव? सोयरीक जमवायची हाय का त्याची?" सर मात्र तिलाही सागरी जीवशास्त्र समजावून सांगत. शेवटी ती अर्धा किलो जास्त टाकून त्यांना उठवायची.

बारावीचा निकाल लागला की पालक पोरांना घेऊन सरांकडे सल्ल्याला येत. पोरगं डॉक्टर होईल का, फौजदार होईल का, एवढंच त्यांना विचारायचं असे. सरांचं उत्तर ठरलेलं. "पृथ्वीचे तीन हिस्से पाणी हाय. अन् तुमी समदे उरलेल्या एका हिश्शात फौजदार व्हायला पळून राहिले." पालक मान हलवत, चहा पीत आणि पोराला घेऊन दुसऱ्या सरांकडे जात. एकदा कुरुंद्याच्या एका बागायतदाराने फार विचार करून विचारलं, "सर, ह्याच्यात गावाजवळ पोस्टिंग भेटतं का?" सर निवृत्तीला आले तरी त्यांचा एकही विद्यार्थी समुद्राला लागला नव्हता, आणि याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

मी त्यांच्या जाळ्यात सापडले ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. त्यांनी एका जुन्या बाटलीतल्या समुद्राच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बघायला सांगितलं. त्या थेंबात मिशावाले, काटेवाले, पारदर्शक असे इतके जीव होते की मला डोळा काढवेना. "सर, मला हेच शिकायचंय," मी म्हणाले. सर खुर्चीत बसले. तांब्यातलं पाणी प्यायले. "खरंच व्हय?" त्यांनी विचारलं आणि मग, मी बिचकू नये म्हणून असेल, अगदी हळू आवाजात सगळं खरं सांगितलं. पोहणं कमी, माशांची पोटं चिरणं जास्त. पहाटे बंदरावर जाऊन मासळी मापायची, दिवसभर थेंबातले जीव मोजायचे, आणि नोकरी मिळेपर्यंत दम धरायचा. "वास मात्र जात न्हाई अंगाचा," ते म्हणाले, "पण सवय व्हती."

घरी बाने ऐकलं आणि हातातली भाकरी ताटात ठेवली. आमचा बंजाऱ्यांचा तांडा आखाडा बाळापूरच्या अलीकडे. तिथे कुणालाच पोहता येत नाही. "लेकीला समुद्रात ढकलू व्हय मी? नर्सिंग कर म्हणलं तर न्हाई म्हणती," बा म्हणाला. तांड्यात असा पेच पडला की तो नाईकांपुढे जातो. आमचे नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांनी 'नको' म्हटलं की विषय संपला. मी रडत सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, "रडू नको, राठोड. त्यायनी समुद्र पाहिलेला न्हाई, एवढंच हाय. मी घेऊन येतो."

आणि ते खरोखर घेऊन आले. एसटीतून उतरले तेव्हा एका हातात मिठाचं पोतं आणि दुसऱ्या हातात प्रयोगशाळेतली, अष्टपाद ठेवलेली बरणी. कंडक्टरने बरणीकडे बघून "याचं हाफ तिकीट काढू का?" असं विचारलं म्हणे. आमच्या घरामागे हळद शिजवायची मोठी कढई पालथी पडली होती. सरांनी ती सुलटी केली, पाणी भरून घेतलं आणि वजन करून मीठ कालवलं. कढईच्या बुडाला हळद होतीच. समुद्र पिवळाधमक झाला. सगळा तांडा हसला. "हसू नका, चीनकडं एक पिवळा समुद्र बी हाय," असं म्हणून सर सुपाने लाटा करू लागले. त्या लाटांनी पुढच्या बाया भिजल्या. बरणीतला अष्टपाद पाहून एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात दावं तोडून आमचा बैल आला, त्याने समुद्रात तोंड घातलं आणि असा फुरफुरला की सरांचा पांढरा शर्ट हळदीच्या नवरदेवासारखा झाला. बा मान खाली घालून उभा राहिला. माझं समुद्राला जाणं तिथेच बुडालं असं मला वाटलं.

नाईक उठले. कढईपाशी आले, बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. "एवढं खारं असतंय?" त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "बराबर एवढंच." नाईक बाच्याकडे वळले. "आपले बापजादे हेच मीठ बैलावर लादून आणायचे रे. किनाऱ्यापासून पार इथवर, पायी. ते भेले न्हाईत. तुझी पोरगी तर एसटीनं जाऊन राहिली." बा म्हणाला, "पण ही तिथं करील काय?" नाईक म्हणाले, "आपण ढोरं मोजतो, ती मासे मोजील." बाने एकदा माझ्याकडे, एकदा बैलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मोजायचंच हाय तर जाय." सर त्या पिवळ्या शर्टात उभ्या उभ्या रडले.

मी रत्नागिरीला एमएस्सीला गेले. पहिल्यांदा नमुने घ्यायला बोटीवर नेलं, त्या दिवशी किनारा दिसेनासा व्हायच्या आत मी उलट्या करून आडवी झाले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर बोट हाकणाऱ्या तांडेलाने मला उचलून धक्क्यावर ठेवलं. खोलीवर येऊन मी कपडे पिशवीत भरले. बाला सांगायची छाती नव्हती, म्हणून आधी सरांना फोन केला. "सर, बोट लागती मला, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मी परत येऊन राहिले."

पलीकडे सरांनी पंखा बंद केला. मग सर म्हणाले, "राठोड, मला बी असंच झालं व्हतं. तिसऱ्या बारीला बोट धक्क्याला लागली तसा मी उतरलो, ते वसमतला येऊनच थांबलो. नोकरी लागली म्हणून आलो, असं लोकांला सांगतो. मंग जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांला समुद्राकडं हाकलत बसलो."

"मंग मी काय करू, सर?"

"उलट्या कर. पण तिथंच, बोटीवर कर. इकडं येऊन बसलं की मळमळ जात न्हाई. माझी अजून गेली न्हाई."

खरं तर मला हसू यायला हवं होतं. मी फोन ठेवला आणि सरांसाठी पोटभर रडले. मग पिशवीतले कपडे काढून पुन्हा खुंटीला अडकवले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीवर जाऊन, बादली जवळ ओढून, सरांनी सांगितलं होतं तेच केलं.