भाऊंच्या डेस्कटॉपवरची फाईल

भाऊ ऑफिसात "हात वर!" म्हणाले, की सगळ्यांनी हात कीबोर्डवरून उचललेच पाहिजेत. एकदा सिमेंटची ऑर्डर घ्यायला आलेल्या पाहुण्यानेही चहाचा कप खाली ठेवून हात वर केले होते. भाऊ आमच्या बांधकाम कंपनीचे प्लॅनिंग बघायचे. कामांचं शेड्यूल त्यांच्या डेस्कटॉपवर, आणि साइटवाल्यांसाठी त्याचीच कॉपी क्लाउडवर. ती वर चढवताना कुणी मध्येच तारीख बदलली, तर दोन्हीकडे वेगवेगळं दिसायचं. म्हणून ही कवायत, भाऊ "झालं" म्हणेपर्यंत.

मला हे सगळं मागासलेलं वाटे. मी नुकताच कोर्स करून आलो होतो आणि ते दर दुसऱ्या वाक्याला सांगत असे. भाऊंनी माझं नावच 'सर्टिफिकेट' ठेवलं. ते लवकरच निवृत्त होणार होते आणि त्यांचं शेड्यूल माझ्या हाती यावं, अशी मला भयंकर हाव सुटली होती.

"भाऊ, आता हे आपोआप होतं," मी एकदा ऐकवलं.

भाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपोआप फक्त चूक होते रे, सर्टिफिकेट."

तरी त्यांनी मला करू दिलं. दिंडोरीजवळ आम्ही द्राक्षांसाठी कोल्ड स्टोरेज बांधत होतो. काढणीच्या आत ते सुरू व्हायलाच हवं होतं. मी साइटवाल्यांचे फोन आणि माझा लॅपटॉप थेट क्लाउडशी जोडले, स्वतःचीच पाठ थोपटली आणि सुट्टी काढून सुरगाण्याला सासुरवाडीला गेलो. तिथे नेटवर्क नाही. पण मेव्हण्यांवर छाप पाडायला मी रोज लॅपटॉप उघडून तारखा इकडच्या तिकडे करत बसलो. परतताना रेंज आली आणि लॅपटॉपने ती शिळी फाईल इमानाने वर चढवली. साइटवाल्यांनी थेट क्लाउडवर भरलेलं सगळं पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी साइट इंजिनियरचा फोन आला. "साहेब, हितं भिंती उभ्या हायेत, आन् शेड्यूल म्हणतंय पाया भरा. पाडू का?"

भाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकेका ठेकेदाराला फोन लावून काम कुठवर आलंय ते विचारलं आणि मला म्हणाले, "लिही." कोल्ड स्टोरेजच्या मालकांना सांगितलं, "चूक आमच्या ऑफिसची." माझं नाव घेतलं नाही. कोल्ड स्टोरेज वेळेत सुरू झालं, पण शेड्यूलची आशा मी सोडून दिली.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी भाऊंनी मला जवळ बोलावलं आणि माझ्यादेखत डेस्कटॉपवरची फाईल डिलीट केली.

"भाऊ, ठेवा ना एक कॉपी!" मी ओरडलो. "क्लाउडचा काय भरवसा?" हे म्हणणारा मीच!

भाऊ पोट धरून हसले. मग म्हणाले, "ती राहिली तर तू रोज माझ्याच तारखा बघत बसशील. आता वर आहे ते तुझं. सांभाळ."

डबा पिशवीत टाकून ते ओझरची बस पकडायला निघून गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, एक तारीख बदलली आणि विचारायला मान वर केली. समोर कुणीच नव्हतं.