अण्णांनी चारचौघांत जे सोडलं

दोन हजार तीनच्या मे महिन्यात, कोल्हापुरात, मी इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जात होते. एके दिवशी सरांनी फळ्यावर 'ॲब्जुअर' असा शब्द लिहिला आणि घरातलं खरं उदाहरण घेऊन वाक्य करून आणायला सांगितलं. बाकीचे डिक्शनरी चाळू लागले...

मला मात्र उदाहरण लगेच सापडलं. आमचे अण्णा तालमीचे वस्ताद. बाईमाणसानं हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, पाय ठेवायचा नाही, मारुतीला चालत नाही, हे ते पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलेले.

आणि तेच अण्णा घरामागच्या परड्यात लाल माती टाकून, दार लावून, माझ्या धाकट्या बहिणीला डाव शिकवत होते! सुमीनं कुस्तीचा हट्टच धरला होता. तिला जोड म्हणून मी... म्हणजे रोज चितपट व्हायचं काम माझं. खऱ्या जोडीशिवाय ती पुढं कशी जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

रात्री जेवताना मी ऐटीत वाक्य म्हणून दाखवलं, की माझ्या वडिलांनी जुनी समजूत 'ॲब्जुअर' केली. अण्णांनी अर्थ विचारला. म्हटलं, आधी जे मानत होतो ते सोडलं, असं शपथेवर जाहीर सांगणं.

"जाहीर?" अण्णांचा घास हातातच राहिला. "मग तुझं वाक्य खोटं हाय. मी दार लावून केलंय की."

 सुमी ताटातल्या भाकरीकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी आम्हा दोघींना उठवलं आणि तालमीत नेलं. आम्ही उंबऱ्याबाहेर थांबलो. आत त्यांनी सगळ्या पैलवानांच्या जोर-बैठका थांबवल्या आणि मारुतीसमोर हात जोडले.

"बाईमाणसानं हौद्यात उतरू नये, असं मी तुमास्नी शिकवलं. ते माझं चुकलं हुतं. आजपासनं मी ते मानत न्हाय. माझी पोरगी आता हितं खेळणार."

एक जुने पैलवान हळूच म्हणाले, "वस्ताद, देव कोपंल."

"कोपला तर माझ्यावर कोपंल."

त्या आठवड्यात काही पोरांनी तालीम सोडली. रोज चहाला येणारी मंडळी यायची बंद झाली. अण्णांना ते फार लागलं, पण त्यांनी शब्द मागं घेतला नाही.

त्या पहाटे मात्र सुमी उंबरा ओलांडून आत गेली. नव्या पैलवानाच्या अंगावर टाकतात तशी मूठभर माती अण्णांनी तिच्या खांद्यावर टाकली... मला बाहेर उभ्या उभ्या रडू फुटलं.

घरात गुपचूप बदललेली माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली. ज्यांना आपणच शिकवलं त्यांच्यासमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणारा वस्ताद एकच पाहिला... तो माझा बाप आहे.