ठगूअक्काचं कुरण

ठगूअक्का कुरणातून चालायची ती वाकून, हाताने गवत सारत आणि गवतांची नावं घेत. शेडा, पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी. नाव घेतलं आणि ते गवत हाताला लागलं नाही, तर ते सापडेपर्यंत बाई पुढे सरकायची नाही. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला ती भ्रमिष्ट वाटली होती.

मी तेव्हा धुळ्याच्या पश्चिमेला एका सरकारी कुरणावर देखरेखीला होतो. पावसाळा सरला की गावातल्या बायकांना तिथलं गवत कापून न्यायची परवानगी असे. ठगूअक्का त्यांची म्होरकी. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईबापांनी तिचं नाव असं ओंगळ ठेवलेलं. आमच्या खानदेशात ठेवतात. नवरा लवकर गेला होता. पदरी एक मुलगा, दोन म्हशी आणि बैलजोडी. घर चालायचं ते त्या कुरणावर.

एके वर्षी वरून योजना आली. जुनं गवत नांगरून काढायचं आणि सुधारित जातीचं एकच गवत पेरायचं. मी झाडाखाली बसून पाहणीचा कागद भरत होतो, तशी अक्का समोर येऊन उभी राहिली.

"तुमना कागदवर काय लिखेल शे, भाऊसाहेब?"

"निकृष्ट, मिश्र गवत."

"म्हंजे?"

"म्हणजे सगळं एकात एक मिसळलेलं. कामाचं थोडं, बिनकामाचं जास्त."

ती हसली. "एकच सोयरा बलावा तं लगनमा वाढी कोन?" मग तिने मला एकेक गवत उपटून दाखवलं. हे पहिल्या सरीला उठतं, ते सगळ्यांत शेवटी. याची मुळं वरच्या वर माती धरतात, त्याची खोल जाऊन ओल शोधतात. ही वेल रानमटकीची, हिच्यामुळे जमिनीत कस राहतो. "एखादं साल एक रुसस, तं दुसरं शे ना," ती म्हणाली. मी मान डोलावली आणि कागदात एक अक्षरही बदललं नाही.

ट्रॅक्टर आले. कडेची खडकाळ पट्टी तेवढी फाळ लागेना म्हणून सुटली. पहिली दोन वर्षं नवं गवत कमरेइतकं वाढलं. जुन्या मिश्र कुरणाने तेवढा चारा कधीच दिला नव्हता, हे खरंच आहे. माझा सत्कार झाला. शाल घरी ठेवायच्या आधी मी मुद्दाम अक्काच्या दारावरून गेलो. "काय अक्का, पाहिलं का?"

"देखं ना भाऊसाहेब. चांगला सालमा दगडवर बी उगस."

तिसऱ्या वर्षी पाऊस निम्म्यावर आला. त्या गवताचं वय एक, मुळांची खोली एक, तहान एक. एका कोपऱ्यात माना पडल्या, आठवड्याभरात सगळ्या रानात पडल्या. वाळलेल्यावर कीड आली. खडकाळ पट्टीत मात्र काही गवतं जळाली तरी काही तगून होती. गुडघ्याएवढीही नव्हती, पण हिरवी होती. पुढच्या पावसात ती पट्टी पुन्हा भरली. नांगरलेल्या भागात माती धरायला काहीच नव्हतं. ती वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला.

चौकशी लागली. माझी बढती तोंडावर होती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "चराईवर ढकला. एखादं नाव घाला, म्हणजे खरं वाटतं." मी अक्काचं नाव सुचवलं. तो मोठ्याने हसला, "नावच ठगूबाई! वरच्यांना लगेच पटेल." मी लिहिलं की ठगूबाई व इतरांनी चराईबंदीच्या काळात जनावरं सोडल्याने गवत नष्ट झालं. खाली सही केली. त्या साली तिचं एकही जनावर नांगरलेल्या भागात आलं नव्हतं. हे मला माहीत होतं, कारण रोज मीच तिथे होतो.

बायकांची परवानगी रद्द झाली. तिच्या गोठ्यातली जनावरं बाजारात गेली. गावातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिच्यामुळे कुरण गेलं, असं त्यांना कागदानेच सांगितलं होतं.

पुढे मी निवृत्त होऊन जळगावात पिंप्राळ्याला स्थायिक झालो. एकदा असोद्याला व्याह्यांच्या केळीच्या बागेत गेलो, तर डोक्यावर घड घेऊन ती समोरून आली. पाठ वाकली होती. मला ओळखून तिने घड उतरवला.

"आठे बी बठ्ठं एकच शे, भाऊसाहेब," सगळ्या बागेवरून हात फिरवत ती म्हणाली. " एक वारं उनं का बठ्ठ्या केळी संगेच झोपतस."

मी म्हणालो, "अक्का, त्या अहवालात तुमचं नाव मी घातलं."

"माले माहीत शे. सही तुमनीच व्हती." मग तिने विचारलं, "आते तरी खरं लिखशात का?"

मी हो म्हणालो. घरी आल्यावर पेन्शनचा विचार मनात आला, मुलाच्या नोकरीचा आला. मी लिहिलं नाही. दोन वर्षांनी ती असोद्यातच वारली, हे मला व्याह्यांकडून कळलं.

गेल्या महिन्यात धुळ्याकडच्या त्या गावात सभा होती. कुरणाची जमीन सौरऊर्जा प्रकल्पासाठी द्यायची, खडकाळ पट्टीसकट. मी एसटीने गेलो. अधिकारी तरुण होता. त्याने जुना कागद वाचून दाखवला: ठगूबाई व इतरांच्या चराईमुळे येथील गवत कायमचे नष्ट झाले असून जमीन पडीक आहे. वाक्यं माझीच होती. पुढच्या रांगेत तिचा मुलगा बसला होता. त्याचेही केस आता पिकले आहेत. त्याने मान खाली घातली.

मी उठलो. म्हणालो, "हे खोटं आहे. हे मी लिहिलंय."

अधिकारी गोंधळला. लोक वळून पाहू लागले. मुलगा मात्र शांतपणे माझ्याकडे वळला.

"बसा भाऊसाहेब," तो म्हणाला. "माय जित्ती व्हती तवय उठाले पाहिजे व्हतं."

मी बसलो.