ठीक म्हणणारा माणूस

हिरोनाका तोकुजी हा माणूस बोट दाखवल्याशिवाय काहीच करत नसे. गॅस बंद केला की गॅसकडे बोट, कुलूप लावलं की कुलपाकडे बोट, आणि प्रत्येक बोटामागे खणखणीत आवाजात "ठीक!" मुलीच्या लग्नात त्यांनी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या टायकडे बोट रोखलं आणि "गाठ, ठीक!" म्हणाले, तेव्हा नवऱ्यामुलाच्या मावशीला चहा पिताना ठसका लागला. मी शेजारीच होतो. मलाही हसू आवरेना.

खोड त्यांची एकट्याची नव्हती म्हणा. अणुवीज केंद्रात आम्हा सगळ्यांना तीच शिकवण. नुसतं बघून भागत नाही. बोट रोखायचं, वस्तूचं नाव घ्यायचं आणि "ठीक" म्हणायचं. फेरीला दोघं जातात. पुढचा बोलतो, आणि मागचा तेच बोट, तेच नाव, तेच "ठीक" पुन्हा करतो. एकाची नजर चुकलीच तर दुसऱ्यानं पकडावी म्हणून. अकरा वर्षं हिरोनाकासान पुढे होते आणि मी, माएगावा, त्यांच्या मागे. त्यांच्या मानेवरचा तीळ मला माझ्या बायकोच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होता.

आमची अणुभट्टी बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. ती मोडून काढायचं ठरलं होतं, पण ठरलं म्हणजे झालं असं आमच्याकडे नसतं. कागद वर जात, शंका घेऊन खाली येत, पुन्हा वर जात. तोवर वापरून झालेलं इंधन खोल पाण्याच्या टाकीत उभं होतं आणि ते पाणी थंड ठेवणारे पंप रात्रंदिवस चालू होते. म्हणून फेरी होती. रोज सकाळी एकशे सोळा ठिकाणं. गावातलं कुणी विचारायचं, "बंद पडलेल्या भट्टीत तुम्ही दिवसभर करता तरी काय?" मी उखडायचो. हिरोनाकासान मात्र शांतपणे सांगायचे, "झोपलेल्या माणसापाशी कुणीतरी बसायला लागतं."

भट्टी बांधली जात होती तेव्हा ते विसाव्या वर्षी इथे कामाला लागले. आता निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, आणि दर मार्चमध्ये त्यांची नेमणूक एकेका वर्षानं वाढवली जायची. त्यांना एकच गोष्ट हवी होती. टाकीतलं शेवटचं इंधन बाहेर जाईपर्यंत फेरी आपण करायची. "पहिलं आत गेलं तेव्हा बोट माझं होतं," ते म्हणत, "शेवटचं बाहेर जाईल तेव्हाही माझंच असणार." ऑफिसात म्हणत, आणखी चार वर्षं लागतील. हिरोनाकासाननी त्यासाठी सिगारेट सोडली होती.

आणि घरी सुमिएवहिनी. बुटक्या, तोंडाळ, आणि हाताला अशी चव की त्यांचा कोंड्यात मुरवलेला खारा बांगडा मिळावा म्हणून मी उगाच त्यांच्याकडे निरोप घेऊन जायचो. मुलगी झाल्यापासून त्या नवऱ्याला "बाबा" म्हणत, आणि मुलगी लग्न होऊन नागोयाला गेली तरी तेच चालू राहिलं. सकाळी निघताना हिरोनाकासान दारात बूट चढवायचे आणि आतल्या दिशेनं बोट रोखायचे, "सुमिए, ठीक!" आतून उत्तर यायचं, "बाबा, ठीक! निघा आता, बस जाईल." चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. एकदा मी विचारलं, "वहिनी, कंटाळा नाही येत?" त्या म्हणाल्या, "अरे, मागणी घालायला आले तेव्हाही ह्यांनी आधी बोटच दाखवलं होतं. मला वाटलं, माझ्या गालाला काहीतरी लागलंय."

त्या फेब्रुवारीत बर्फ भरपूर पडला. केंद्राच्या वाटेवरच्या बोगद्याच्या तोंडाशी रस्ता मोकळा करायला वेळ लागला आणि बस अलीकडेच थांबून राहिली. हिरोनाकासान माझ्या शेजारी बसले होते. हातात फोन होता, पण लावत नव्हते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आज सुमिएनं उत्तर दिलं नाही."

"भांडलात?"

"छे. सर्दी झाली होती तिला, लवकर उठून गेली स्वयंपाकघरात. मला उठायला उशीर झाला, न खाताच दारात आलो. मी हाक दिली, ती गप्प. बस हॉर्न वाजवत होती. मग मीच तिच्या आवाजात म्हटलं, बाबा, ठीक. आणि निघालो."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणालो, "चाळीस वर्षांत एका दिवसाची सुट्टी घेतली असेल वहिनींनी. द्या की बिचारीला! कशाला फोन करून त्रास देता?"

ते पण हसले आणि फोन खिशात गेला. केंद्रात शिरताना फोन कपाटात ठेवावा लागतो. त्यांनी ठेवला, कपाट लावलं, बोट दाखवलं. "कपाट, ठीक."

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तो फोन त्यांच्या खिशात मी घातला.

फेरी नेहमीसारखीच झाली. पिवळे मोजे, पांढरे हातमोजे, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला. टाकीच्या पाण्याची पातळी, ठीक. तापमान, ठीक. त्र्याऐंशी नंबरचं ठिकाण टाकीच्या खालच्या मजल्यावर आहे, एका पंपाखाली ठेवलेलं पत्र्याचं ताट. पंप ठिबकला तर त्यात दिसावं म्हणून. हिरोनाकासाननी बोट रोखलं, "ताट कोरडं, ठीक!" मी मागून, "ताट कोरडं, ठीक!" नोंदवहीत शिक्के दोघांचे पडले. सव्वाअकराला बाहेर आलो तर फाटकावरचा माणूस धावतच आला. शेजारच्या हात्सुआजींनी ऑफिसात फोन केला होता.

सुमिएवहिनी स्वयंपाकघरात पडलेल्या सापडल्या, ओट्याच्या मागे. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, सकाळी सहाच्या सुमारास झालं असावं. हिरोनाकासान घरातून निघाले सहा चाळीसला. त्यांनी डॉक्टरांना एकच विचारलं, "सहा चाळीसला आणलं असतं तर?" डॉक्टर तरुण होता, त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, "कदाचित." दोन दिवसांनी त्या गेल्या.

एकोणपन्नास दिवसांचं सुतक संपायच्या कितीतरी आधी ते कामावर परतले. घरी बसवेना. फेरी पुन्हा सुरू झाली, पण आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. बोट उठायचं, नाव घेतलं जायचं, आणि "ठीक" इतकं हळू यायचं की मागे राहून मला अंदाजानं बोलावं लागायचं.

मार्चमध्ये सरकारी तपासणी आली. तपासनीस ताकेबेबाई, चाळिशीच्या आतल्या, बुटांचे बंद दुहेरी गाठीनं बांधणाऱ्या. त्यांनी नोंदवह्या चाळल्या आणि बरोबर त्याच दिवसाच्या पानावर थांबल्या. त्या दिवशी संध्याकाळच्या फेरीला दुसऱ्या जोडीला त्र्याऐंशी नंबरच्या ताटात पाणी सापडलं होतं. पेलाभर. पंपाचं रबर झिजलं होतं, दोन दिवसांत बदललं गेलं, कुणाला काही झालं नाही. पण ज्या वेगानं ठिबकत होतं तो पाहता, पेलाभर जमायला दिवस लागला असता. मग सकाळी ताट कोरडं कसं?

आमचे साहेब उकाईसान यांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाले, "सकाळी कोरडं होतं, दुपारनंतर जोरात ठिबकलं, असंच झालं असणार. तेवढंच म्हणायचं. हिरोनाकासान, तुमची नेमणूक ह्याच महिन्यात पुढे जायची आहे. शेवटचं इंधन बघायचंय ना तुम्हाला?"

हिरोनाकासाननी हेल्मेट डोक्यावर चढवलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाठीच लागलो. "म्हणून टाका ना! कोण बघायला गेलंय? पेलाभर पाण्यासाठी सगळं सोडणार? घरी जाऊन काय भिंतींना बोट दाखवणार आहात?" हे बोलून गेलो आणि जीभ चावली. ते म्हणाले, "चल, बाई वाट बघत असतील."

ताकेबेबाईंनी फेरी करून दाखवायला सांगितली. पुढे हिरोनाकासान, मागे मी, त्यामागे बाई आणि उकाईसान. ब्याऐंशीपर्यंत नीट गेलं. त्र्याऐंशीला हिरोनाकासाननी बोट वर केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. पंपाचा आवाज तेवढा येत होता.

"त्या दिवशी मी बघितलं नाही," ते म्हणाले.

उकाईसान घाईनं पुढे झाले. "त्यांच्या घरी त्याच दिवशी..."

"बोट दाखवलं," हिरोनाकासान म्हणाले. "नाव घेतलं. ठीक म्हटलं. बघितलं नाही. ताट ओलं होतं की कोरडं, मला माहीत नाही."

ताकेबेबाईंनी हळूच विचारलं, "इतक्या दिवसांनी तुम्हाला खात्री आहे?"

"आहे. त्या दिवशी माझं मन घराच्या दारात होतं. आणि दारातही मी तेच करून आलो होतो. आत वाकून बघितलं नव्हतं."

बाईंनी मान खाली घातली. मग त्यांनी विचारायलाच हवं होतं ते विचारलं. "आणि मागचे? त्यांनी बघितलं होतं?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं होतं. त्या सकाळी माझी नजर कुठे होती ते मला पक्कं ठाऊक होतं. मानेवरच्या तिळावर. पण माझ्याआधी हिरोनाकासान बोलले, "मागचा पुढच्याच्या आवाजावर चालतो. इतकी वर्षं मी त्याला तीच सवय लावली. चूक पुढच्याची." आणि मी तोंडात मूग धरून उभा राहिलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे. ताट अगदी कोरडं होतं.

नेमणूक पुढे गेली नाही. निरोपाच्या दिवशी त्यांना फुलं दिली, फोटो काढला. हेल्मेट परत करताना त्यांनी ते पुसून ठेवलं आणि सवयीनं बोट उचललं. मग हात खिशात घातला. आता फेरीत पुढे मी असतो.

एप्रिलच्या शेवटी मी त्यांच्या घरी गेलो. इतके दिवस पाय निघत नव्हता. देव्हाऱ्यात वहिनींचा फोटो होता, पुढे भाताची छोटी वाटी, वाफ अजून निघत होती. आम्ही चहा घेतला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्र्याऐंशी?"

"कोरडं आहे."

"बघतोस?"

"वाकून बघतो. हातमोजा फिरवून बघतो."

त्यांनी मान हलवली. मला राहवेना. म्हणालो, "हिरोनाकासान, त्या दिवशी मीही बघितलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"दोघंही बाहेर पडलो असतो तर पाण्याकडे कोण बघणार होतं? शेवटचं इंधन जाईल तेव्हा ओळखीचं कुणीतरी हवं तिथं."

मला बसमधलंही सांगायचं होतं. फोनचं. ओठांपर्यंत आलं आणि वहिनींच्या फोटोकडे लक्ष गेलं, आणि मी उठलो. भित्रा माणूस आहे मी, दुसरं काय.

"थांब," ते म्हणाले. "तिनं मुरवलेल्या खाऱ्या बांगड्याची शेवटची बरणी आहे. अर्धा बांधून देतो."

ते स्वयंपाकघरात गेले. मी दारात येऊन बूट चढवले, बंद बांधले, छत्री घेतली. बराच वेळ झाला. कागदाचा आवाज नाही, बरणीचा नाही. बसची वेळ होत आली होती. आणि मग अकरा वर्षांची सवय, हात आपोआप वर गेला. मी आतल्या दिशेनं बोट रोखलं आणि हसत म्हणालो, "हिरोनाकासान, ठीक!"

आतून काहीच आलं नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. तेव्हा खालून कुठून तरी, फार बारीक आवाज आला.

"माएगावा, तिथून काय दिसतं तुला?"

मी बूट काढले. घाईत एक बंद तुटला. आत गेलो. हिरोनाकासान ओट्याच्या मागे जमिनीवर बसले होते, बरणी मांडीत धरून, वहिनी सापडल्या होत्या त्या ठिकाणी. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि तिथून दाराकडे बघितलं.

दारातून ती जागा दिसत नाही. त्या जागेवरून मात्र दार अर्धं दिसतं, आणि बूट चढवणाऱ्या माणसाचे पाय.