नसा, स्नायू आणि आमची विमलबाई

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्णीतल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला मोटरसायकलची क्लच वायर दाखवत होतो. यवतमाळहून तिच्या कॉलेजातले एक सर बोलत होते. "मॅडम प्रयोगशाळेत कोसळल्या... दवाखान्यात नेलं, पण..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. यवतमाळ काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. विमल राठोड, प्राणिशास्त्राची प्राध्यापक आणि आमच्या तांड्यातली पहिली डॉक्टरेट, ही माझी थोरली बहीण. आमच्या बंजाऱ्यांच्या गोर बोलीत थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून जन्मभर मी तिला तेवढंच म्हणालो. आता महिना उलटून गेला. लिहायला बसलो तर रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी अभिमानच दाटून येतोय. काय करणार, ती होतीच तशी.

यवतमाळला बी.एस्सी. करून ती बंगळुरूला संशोधनाला गेली. सुट्टीत घरी आली की तिला स्वयंपाकघरात कुणी फिरकू देत नसे, कारण तिनं केलेली भाकरी कुत्रंही हुंगून बाजूला सारायचं. एकदा वडिलांनी विचारलं, "तू तिथं नेमकं करून काय राह्यली?" तर हिनं उदाहरण दिलं ते चुलीचंच. "बा, स्नायूचा एक धागा म्हणजे आपला तांडा समजा. धाग्यात लई केंद्रकं असतात, ते आपले घरं. घरोघरी भांडीकुंडी सारखीच, म्हणजे जनुकं सारखीच. पण नस येऊन ज्या घराशी टेकते तिथंच तिचा निरोप झेलणारं प्रथिन जोरात बनते. पाहुणा उतरला त्याच घरची चूल पेटते, बाकीच्या थंड राह्यतात. हे कोण ठरवते, ते मी शोधून राह्यली."

वडील जरा विचारात पडले. "अन् पाहुणा आलाच नाही तं?"

"मंग घरोघरी चुली पेटतात, बा. नस तुटली की सारीच केंद्रकं ते प्रथिन बनवत वाट पाह्यतात."

वडिलांना ते फार आवडलं. पुढं आठवडाभर ते भेटेल त्याला हे सांगत सुटले. आईला मात्र तिच्या लग्नाची काळजी होती, आणि ती काळजी बाईनं शेवटपर्यंत कुणाला मिटवू दिली नाही.

माझी मुलगी सोनल लहानपणापासून झोपाळू डोळ्यांची. सकाळी तरतरीत असायची. संध्याकाळ झाली की पापण्या अर्ध्यावर यायच्या आणि घास चावता चावता जबडा थांबायचा. शाळेत तिला आळशी म्हणत, घरी नजर लागली म्हणत, दवाखान्यात अशक्तपणा म्हणत. तिची आई मीठमिरच्या ओवाळून थकली, मी टॉनिकं आणून थकलो. वय वाढलं तसं पोरीचं त्राण कमीच होत गेलं. वेणी घालायला हात वर धरवत नव्हता. हिचं पुढं कसं होणार, हा एकच घोर आम्हा दोघांना लागला होता.

आमच्यात नवरी सासरी निघताना सजवलेल्या बैलावर उभी राहते आणि दोन्ही हात वर करून माहेराचा निरोप गाते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. हल्ली फार थोड्या पोरींना ती येते, म्हणून माझ्या पुतणीच्या लग्नाआधी अंगणात तालीम चालली होती. सोनलची पाळी आली. सुरुवात खणखणीत झाली. मग आवाज नाकात गेला, हात खाली येऊ लागले, डोळे मिटत आले. बायांचे पदर डोळ्यांना लागले. "कायजातून गाते पोरगी!" एक काकी हुंदका देत म्हणाली. मीही कौतुकानं पाहत होतो.

बाई तेवढी ताडकन उठली. "अवं, ते रडून नाही राह्यली... थकून राह्यली!"

तिनं सोनलला खाली बसवलं, पाणी पाजलं, आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा हात वर करायला लावले. हात पुन्हा सरळ वर गेले, आणि पुन्हा तसेच खाली आले. नस स्नायूला टेकते तिथलं जे काम बाई वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आली होती, त्यातलाच बिघाड तिच्या सख्ख्या भाचीच्या अंगात निघाला. ती आम्हाला नागपूरला घेऊन गेली. जनुकांची तपासणी झाली आणि अहवाल आला, सगळं ठीक. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. बाईनं डॉक्टरांना सांगितलं, "जनुक धड आहे हे मलाही दिसतंय. त्याच्या अगोदरचा तुकडा बघा, जनुक चालू करणारा." तो पाहिला, आणि खोट तिथंच निघाली. पाहुणा दारात येत होता, पण चूल नीट पेटतच नव्हती. "चूल मंदच राह्यन," बाई सोनलला म्हणाली, "पण गोळीनं पाहुणा, म्हणजे नसेचा निरोप, जरा जास्त वेळ थांबते. तेवढ्यात आपलं जेवण होते." आणि खरोखरच झालं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही दिवसांतच पोरीनं एकदम दोन भाकरी खाल्ल्या. तिची आई ताटाकडे बघत राहिली.

गेल्या उन्हाळ्यात सोनलचं लग्न झालं. मुलाकडच्यांना आजाराचं आधीच सांगायचं, हा बाईचा हट्ट. सांगायलाही तीच गेली आणि तिच्याकडून ऐकून आमच्या जावयानंही चुलीचं उदाहरण पाठ केलं. सोनल बैलावर चढली, हात वर केले आणि सगळी हवेली गायली. शेवटच्या ओळीपर्यंत हात तसेच वर. मी बाईकडे पाहिलं. एवढी मोठी प्राध्यापक, पण मांडवात लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होती. त्या क्षणी मला वाटलं, हिच्या सगळ्या पदव्या एका पारड्यात आणि हे दोन हात दुसऱ्या पारड्यात.

तिची एक सवय मला तिच्या माघारीच कळली. सोनल सासरी गेल्यापासून बाई, म्हणजे तिची फूफी, तिची आत्या, तिला रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि छताकडे पाहत राहायला लावायची. पापण्या किती वेळ टिकतात, ते निरखायची.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा फोन वाजला. पडद्यावर सोनल. "पप्पा, फूफीचा फोन येत नाही आता... तुमी पाहा ना." आणि तिनं मान न हलवता नजर वर लावली. मी पाहत राहिलो. तिचे डोळे उघडेच होते, भरून आले तरी पापणी खाली आली नाही. "फूफी मंग काय म्हणे?" मी विचारलं.

"म्हणे, ठीक हाय. आता जेवून घे."

"ठीक हाय, बेटा," मी म्हणालो. "आता जेवून घे."