कमळूदादाने गोळ्या एकदम सोडल्या

घाटात गाडी दरीत गेली की आमच्या गावात, वैशाखऱ्यात, पहिला निरोप माझ्या थोरल्या भावाला, कमळूदादाला यायचा. भातशेती करून वीस वर्षं त्याने हे काम केलं. कमरेला दोर बांधून उतरायचा, जिवंत-मेलेली माणसं वर पाठवायचा. चार वर्षांपूर्वी एका जीपमधून त्याने नऊ जण काढले. शेवटी पत्र्यात चेपलेलं एक बाळ होतं. ते त्याला अखंड काढता आलं नाही.

त्यानंतर दादा जेवेना, बोलेना. गोदूवहिनी त्याला मुरबाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रोज एक गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत तो माणसांत आला.

दीड वर्ष बरं गेलं. मग एकदा दोर धरणाऱ्यांपैकी भावेश चारचौघांत बोलला, "येड्याची गोळी खातो, त्याचा दोर कोण धरंल?" घरी येऊन दादाने सगळ्या गोळ्या चुलीत टाकल्या.

तिसऱ्या दिवसापासून त्याला घाम फुटू लागला, उलट्या होऊ लागल्या. "मान वळवली का डोक्यात शॉक बसतो रे," म्हणायचा. पाचव्या दिवशी आमटी खारट झाली म्हणून त्याने पातेलं वहिनीच्या अंगावर फेकलं. तिचा हात भाजला.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही खळ्यावर भात झोडत होतो. मी म्हटलं, "दादा, जरा बस. हात कापतात तुझे."

त्याने पेंढी टाकून कोयता उचलला. पहिला वार माझ्या खांद्यात हाडापर्यंत गेला. दुसरा मी हातावर घेतला, तशी करंगळी तुटून भातात पडली. तिसऱ्याआधी वहिनीने त्याच्या पाठीत दांडका घातला. तो उठायला लागला तसा पुन्हा घातला. आरडाओरडा ऐकून आलेल्या चौघांनी मिळून त्याला बांधलं. तोवर तो ओरडत होता. मग माझं रक्त बघून लहान पोरासारखा रडायला लागला.

मी तक्रार दिली नाही. मुरबाडचे डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांचं इतकं टोकाला जात नाही. पण गोळी अशी तोडायची नसते. शरीराला तिची सवय झालेली असते." त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. तो सावरल्यावर काही महिन्यांनी थोडी थोडी कमी करायला घेतली.

दुसऱ्यांदा कमी केली तेव्हा राग परत उसळला. या वेळी तो आपणहून वहिनीला म्हणाला, "गोदू, मला आत ठेव. भायेरून कडी लाव." आतून त्याने दारावर इतक्या बुक्क्या मारल्या की फळी फुटली आणि बोटांची सालटी निघाली. वहिनी उंबऱ्याशी बसून होती. "मी हाय इथंच, नाय कुठं जात," एवढंच म्हणत राहिली. डॉक्टरांनी गोळी आधीइतकी केली, आणि पुढे त्याहून हळू उतरवली. चौदा महिने लागले.

आता दोन महिने तो गोळीशिवाय आहे. परवा राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला लागणारा, पालापाचोळा आणायला आम्ही दोघेच रानात गेलो. त्याच्याकडे पाठ करून चालायला मला अजून जमत नाही. त्याला ते कळतं. पायवाट लागली की तो स्वतःच माझ्या पुढे होतो.