चंपतराव मिस्त्रीनं भरलेलं सिमेंट

चंपतराव मिस्त्रीनं करणीच्या दांड्यानं वीट ठोकली. बद्द! दुसरी ठोकली, तीही बद्द. एक खणखणीत वाजेल तर शपथ! सक्करदऱ्याहून सायकल हाणत तो महाल भागातल्या या जुन्या वाचनालयापर्यंत आला, आणि पाहतो तर काय? विटांचे पापुद्रे सुटून खाली लाल भुगा साचलेला, सांध्यांतलं सिमेंट मात्र ताठच्या ताठ.

गेल्या साली वाचनालयाचे चिटणीस झालेले मार्तंडराव खुशीत होते. "सांधे बघा, पाच वर्षांत हलले नाहीत! विटाच हलक्या. वरून सिमेंटचा जाड गिलावा चढवा, काम फत्ते."

चंपतरावचं डोकंच फिरलं. शिकलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं?

"साहेब, भिंत चुन्यातली हाय. विटेत मुरलेलं पानी चुन्यातून निघून जाते. सिमेंटनं ती वाट बुजवली. आता ते विटेतून निघून राहिलं अन् वीट फोडून राहिलं. हे सिमेंट खरडा, चुना भरा. गिलाव्यानं तं भिंत आतून सडन."

"चुना? चौऱ्याहत्तर साली?" मार्तंडराव हसले. "ज्यानं सिमेंट भरलं तो मिस्त्री काय वेडा होता?"

"मीच होतो तो."

खरंच तोच होता. आधीचे चिटणीस चुनाच म्हणत होते. पण चुना आठवडे-आठवडे भिजवा, मळा, हात सोलून घ्या; यानंच छाती ठोकून सांगितलं होतं, सिमेंट भरतो, पन्नास वर्षं पाहाले नको. आठ दिवसांत मोकळा झाला होता पठ्ठ्या!

"वा! तेव्हा सिमेंट, आज चुना. पुढच्या खेपेला शेण सांगाल." मार्तंडरावांनी हात जोडले आणि काम कळमेश्वरच्या ठेकेदाराला दिलं.

घरी अंगणातल्या खड्ड्यात चुना भिजत होता. या कामाची कुणकुण लागताच त्यानं महिनाभर आधी घातलेला. आपल्या हातानं बिघडलेली भिंत आपल्याच हातानं नीट करायची होती त्याला.

"काहून इतक्या लवकर आले?" बायकोनं, पंचफुलानं विचारलं.

"खरं बोललो ना वं! तं काम गेलं. आता भिंतही जाईन."

पंचफुला भाकरी थापता थापता थांबली. "मंग पाच वर्षांआधी काहून नाई बोलले?"

चंपतरावनं बादली उचलली आणि चुना सुकू नये म्हणून खड्ड्यात पाणी ओतलं.